‘दुखतंय’ म्हणता येतं का?

शिबिराच्या अर्जावर वयाचा रकाना असतो, उंची-वजनाचा असतो, रक्तगटाचा असतो, पोहता येते का हेही विचारलेले असते. सगळ्यात खाली पालकांच्या सहीची जागा. पाठीवर सॅक घेऊन तीन-चार दिवस चालायचे, रात्री तंबूत झोपायचे, आपले जेवण आपणच शिजवायचे. अशा शिबिराला आपले चौदा वर्षांचे मूल जाऊ शकेल का, हे त्या सहीआधी ठरवायचे असते. बहुतेक घरांत ते शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री ठरते. ‘तिच्या मैत्रिणी जातायत ना, मग जाऊ दे’ किंवा ‘अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बघू’, या दोनपैकी एका वाक्यावर.

मी अनेक वर्षे किशोरवयीन मुलामुलींच्या तुकड्यांबरोबर चालत आलो आहे. वय, अंगातली ताकद आणि धाडस यांना आपण नको तेवढे महत्त्व देतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मूल सुखरूप आणि आनंदात परत येणार की नाही, हे ज्या एका गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून असते, ती कोणी विचारतच नाही. त्रास होऊ लागला की ते वेळेवर सांगते का?

एका तुकडीत पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. शाळेच्या संघात खेळणारा, भरलेली सॅक एका हाताने उचलून पाठीवर टाकणारा. त्याची काळजी कोणालाच नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला बूट घालता येईना. दोन्ही टाचांवरचे फोड फुटून कातडी सोलली गेली होती. दुखायला कधी लागले, असे विचारले तर म्हणाला, ‘पहिल्या दिवशी दुपारी.’ मग सांगितले का नाहीस? ‘सगळे चालत होते ना, दादा.’ पुढची वाट सोडून अख्ख्या तुकडीला खालच्या रस्त्याकडे उतरावे लागले. त्याच तुकडीत तेरा वर्षांची एक किरकोळ अंगाची मुलगी होती आणि निघण्याआधी माझा जीव तिच्यासाठी धास्तावलेला होता. चालायला लागून पाऊण तासही झाला नव्हता तेव्हा तिने रांग थांबवली. ‘दादा, डाव्या टाचेला गरम लागतंय.’ मोजा काढून पाहिले तर रुपयाएवढा लाल डाग. चिकटपट्टी लावली, कोरडा मोजा चढवला, पाच मिनिटांत पुन्हा चालू लागलो. पुढे उतरायची वेळ आली तेव्हाही ती आपली सॅक घेऊन पुढच्या चौघांत होती.

त्या मुलाच्या टाचांबद्दल मी स्वतःला दोष देतो. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांचे पाय तपासायला हवे होते. तेव्हापासून ते कधी चुकवलेले नाही. पण पाय तपासून पाय कळतात. डोके दुखणे, पोटात कळ येणे, रात्री थंडीने झोप न लागणे, तंबूतल्या कोणाचा तरी जाच होणे, हे तपासून कळत नाही. ते मुलानेच सांगावे लागते.

अंगातली ताकद एका मर्यादेपलीकडे कामाला येत नाही, ही जाण जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडवत होत्या. ब्लू फनेल या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांचे निरीक्षण असे होते, की जीवरक्षक होडीत धडधाकट तरुण खलाशी आधी धीर सोडतात आणि अंगाने त्यांच्याहून थकलेले, वयाने मोठे खलाशी तग धरतात. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या साथीने त्यांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोवी इथे तरुणांसाठी सुमारे महिनाभराचे शिबिर सुरू केले. ‘आउटवर्ड बाउंड’ ही आज जगभर पसरलेली चळवळ तिथून निघाली. मोठ्या खलाशांजवळ काय होते, यावर मी बराच विचार केला आहे. ते आधी कधीतरी अडचणीत सापडलेले होते आणि निभावलेले होते. वाईट रात्र सरते, हे त्यांना ठाऊक होते. शेजाऱ्याकडे पांघरुणाचा कोपरा मागण्यात कमीपणा नाही, हेही ठाऊक असणार. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाजवळ असा साठा बेताचाच असतो. म्हणून त्याला दुसऱ्याचा साठा वापरता यावा लागतो, आणि तो तोंड उघडल्याशिवाय मिळत नाही.

यात शरीरशास्त्राचाही भाग आहे. गारठ्याचे उदाहरण घ्या. शरीराच्या आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. भिजलेले कपडे, वारा आणि रिकामे पोट एवढे पुरते. त्यात पहिल्यांदा बोथट होते ती विचारशक्ती. बोट आखडते, चेन लावता येत नाही, पाय अडखळतात, बोलणे जड होते, चिडचिड वाढते, आणि ज्याला हे होत असते त्याला आपण ठीकच आहोत असे वाटत असते. उन्हाच्या तडाख्याचेही तसेच. गोंधळ उडू लागेपर्यंत माणूस स्वतःबद्दल सांगण्याच्या पलीकडे गेलेला असतो. म्हणजे सांगण्याची वेळ लवकर येते आणि लवकर निघून जाते. नुसते कुडकुडत असताना ‘मी भिजलोय, मला कपडे बदलायचेत’ म्हणणारे मूल वाचते, आणि ‘हा मघापासून काहीच बोलत नाहीये’ असे मित्राबद्दल सांगणारे मूल मित्राला वाचवते. हा दुसरा गुण तर मला पहिल्याहूनही मोलाचा वाटतो.

मग घरी बसून आपण काय जोखतो? आपल्यासमोर, शांतपणे, एकट्याने बोलणारे मूल जोखतो. तिथे ते शहाण्यासारखेच बोलते. मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. सिग्नल पिवळा झाला की थांबायचे की आणखी थोडे पुढे दामटायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. काही जण एकटे खेळले, काही जण बरोबरच्यांच्या देखत. मित्र बघत असताना किशोरांनी बराच अधिक धोका पत्करला. प्रौढांच्या खेळात तसा फरक पडला नाही. शिबिराला जाणारे मूल हे मित्रांच्या देखत वागणारे मूल असते. ते आपल्याला जेवणाच्या ताटावर भेटत नाही. त्याला पाहायचे असेल तर त्याच्या मित्रांबरोबर दिवसभर चालायला जावे, मागे राहावे आणि कमी बोलावे. पाण्याची बाटली संपल्यावर ते मागते का? चालण्याचा वेग झेपत नसेल तर पुढच्याला हाक मारते का, की हसत हसत धापा टाकत राहते? नदीत उडी मारायची टूम निघाल्यावर ‘मी नाही मारणार’ एवढे तीन शब्द त्याला म्हणता येतात का?

इथे एक शंका हमखास येते. सतत तक्रार करणारी मुले असतातच की. ती काय सर्वांत तयार म्हणायची? कुरकुर आणि खबर यांत फरक आहे. ‘किती चालायचं अजून, कंटाळा आला’ ही कुरकुर. ‘उजवा गुडघा उतारावर दुखतोय, सपाटीला नाही’ ही खबर. पहिलीत ऐकणाऱ्याने काय करावे ते नसते. दुसरीत कुठे, कधीपासून आणि कशाने हे असते. कुरकुर करणाऱ्या मुलाला खबर द्यायला शिकवणे सोपे आहे, कारण त्याचे तोंड तरी उघडलेले असते. ‘म्हणजे नेमकं कुठे?’ असे चार वेळा शांतपणे विचारले की पाचव्या वेळी ते स्वतःहून सांगते. गप्प राहणाऱ्याला बोलते करायला महिने लागतात.

आणि ते गप्प राहायला शिकलेले असते आपल्याकडूनच. ‘एवढंसं तर लागलंय’, ‘मुलगे रडतात का?’, ‘नाटकं पुरे’, ‘सांगितलं होतं ना तुला!’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत घातक. मुलाने चूक कबूल केली की आधी बोलणी बसतात आणि मदत नंतर येते, हे त्याला दहा वर्षांत पक्के समजलेले असते. असे मूल अंधारात वाट चुकल्यावर पहिला अर्धा तास कोणाला न सांगता स्वतःच वाट शोधण्यात घालवील. म्हणून मूल तयार आहे का, हा प्रश्न घरावर उलटतो. गेल्या वर्षभरात त्याने आपल्याला नको असलेली एखादी गोष्ट आपणहून येऊन सांगितली का? हरवलेली वस्तू, बिनसलेली मैत्री, कमी पडलेले गुण, काहीही. सांगितली असेल तर त्या क्षणी आपला चेहरा कसा होता? हे आठवून पाहिले की अर्जावर काय लिहायचे याचे निम्मे उत्तर मिळते.

‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ असे म्हणणारे पालक मला आवडतात. त्यांचे म्हणणे असे, की शिबिराला जाऊनच मूल तयार होते. तयार झाल्यावर पाठवायचे म्हटले तर ते कधीच जाणार नाही. यात तथ्य आहे. तंबू लावणे, वाऱ्यात स्टोव्ह पेटवणे, नकाशा वाचणे, ओल्या जागी न झोपणे, एकमेकांना सांभाळून घेणे हे घरी शिकवून येत नाही आणि ते येत नाही म्हणून कोणाला घरी ठेवायचीही गरज नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर भरवले तेव्हा त्यात सुखवस्तू घरांतली मुले होती तशी कष्टकरी घरांतलीही होती. त्यांच्या लहान लहान तुकड्या पाडून प्रत्येक तुकडी एका मुलाच्याच हाती दिली होती. मुले बरोबरीच्यांकडून भराभर शिकतात. पण विश्वासाने सांगणे हे पहिल्याच रात्री लागते. अनोळखी मोठ्या माणसाला तंबूबाहेरून हाक मारून ‘दादा, मला बरं वाटत नाहीये’ म्हणायला लागणारा धीर तिथे गेल्यावर जमवायला वेळ नसतो. तो घरून न्यावा लागतो.

हा धीर आहे की नाही, हे पाहण्यासाठी मी पालकांना एक रात्र बाहेर काढायला सांगतो. घराबाहेर, ओळखीच्या जागी, शक्यतो हवा फार चांगली नसताना. सॅक मुलाने भरायची. आईने घड्या घालून भरलेल्या सॅकेत टॉर्च कुठे आहे ते मुलाला रात्री दोन वाजता सापडत नाही, आणि मग ते अंधारातच चप्पल न घालता बाहेर जाते. काही विसरले तर विसरू द्यावे. एका रात्रीपुरते त्याने कोणाचे बिघडत नाही. दोघांनी सारखे मदतीला धावू नये. ते मागेल तेव्हा मात्र लगेच द्यावी आणि त्यावर एकही शेरा मारू नये.

सॅकेच्या वजनाकडेही तेव्हाच पाहावे, कारण याबाबतीत मुलांवर सर्रास अन्याय होतो. शाळेच्या दप्तराबाबत बालरोगतज्ज्ञ शरीराच्या वजनाच्या १० ते २० टक्क्यांची मर्यादा सांगतात. दिवसभर चढ-उतारावर चालायचे असताना २० टक्के ही मी वरची सीमा धरतो. ४५ किलोच्या मुलीला ९ किलो. त्यात रिकामी सॅक दीड, स्लीपिंग बॅग दीड, दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, कपडे आणि पावसाचा कोट मिळून दोन. झाले सात. उरलेल्या दोन किलोंत शिधा, ताट-वाटी, तंबूचा आणि स्टोव्हचा वाटा बसवायचा. ६५ किलोच्या मुलाला हीच सीमा १३ किलोंची पडते. ‘सगळ्यांना सारखं ओझं’ हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो, पण त्यात सर्वांत लहान मूल सर्वांत जास्त भरडले जाते, आणि तेच मूल ‘मला जड होतंय’ म्हणायला सर्वांत जास्त लाजते. बुटांचेही एक पाहावे. मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आणि मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने उंच होतात. मागच्या सुटीत घेतलेला बूट या सुटीत होईलच असे नसते.

काही गोष्टी मुले कोणालाच सांगत नाहीत आणि त्यांपायी शिबिराला जाणेच टाळतात. झोपेत अंथरूण ओले होणे ही त्यातली पहिली. किशोरवयातही काही मुलांना हा त्रास असतो, आणि आई-बाप ‘त्याला आवड नाही’ असे समजून गप्प बसतात. यावर उपाय आहेत, पण ते डॉक्टरांशी बोलूनच करावेत. डेस्मोप्रेसिन या औषधाबरोबर पाणी बेताने प्यावे लागते, आणि चालताना तर मुलांना भरपूर पाणी प्यायला सांगितलेले असते. हे एकमेकांच्या विरुद्ध जाते आणि रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते. मासिक पाळी तंबूतल्या दुसऱ्या रात्री पहिल्यांदाच येऊ शकते. मुलीला ते आधीच माहीत असावे, सामान तिच्या सॅकेत असावे आणि तुकडीबरोबर ती जिच्याशी मोकळेपणाने बोलू शकेल अशी बाई असावी. दमेकऱ्याचा पंप सामानाच्या तळाशी न ठेवता खिशात हवा. इन्सुलिन गोठले की निकामी होते, फार तापले तरी बिघडते. ते कुठे ठेवायचे हे मुलालाही माहीत हवे आणि बरोबरच्या मोठ्यालाही. यातला कोणताही आजार शिबिराच्या आड येतोच असे नाही. आड येते ते लपवणे.

मुलाची स्वतःची इच्छा हा मुद्दा लिहायचीही गरज पडू नये, पण पडते. ‘ह्याला जरा कणखर करायचंय’ म्हणून पाठवलेली मुले मी पाहिली आहेत. घरच्यांनी आपले ऐकले नाही, हे ज्याच्या मनात घट्ट बसले आहे, तो परक्या माणसाला काय सांगणार?

आता दुसरी बाजू. मूल सांगणारे आहे, पण ऐकणारे आहेत का? आयोजकांना प्रश्न विचारायला पालक बिचकतात. बिचकू नये. रोज किती अंतर आणि किती चढ? स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ मधला ठोकताळा आजही उपयोगी आहे: सपाटीला तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे तीन तास. पण तो हिशेब सरावलेल्या मोठ्या माणसाचा, विश्रांती न धरता केलेला. ओझे घेतलेल्या मुलांना त्याच्या दुप्पट वेळ धरावा. ज्या वेळापत्रकात तो धरलेला नाही, तिथे ‘थांबा’ म्हणणारे मूल नकोसे होणार हे उघड आहे. सर्वांत मागे कोण चालतो? प्रथमोपचाराचे शिक्षण कोणी घेतले आहे? बाहेर पडायची वाट रोजच्या मुक्कामावरून कुठे आहे? आणि माझा आवडता प्रश्न: मागच्या खेपेला कोणाला अर्ध्यातून परत आणावे लागले का, आणि त्या मुलाला नंतर कोणी फोन केला? या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्याबरोबर मी माझे मूल धाडणार नाही.

वयाची अट मग निरर्थक आहे का? नाही. लहान शरीर लवकर गार पडते, लवकर थकते, म्हणून खालची सीमा हवीच. पण बारा पूर्ण झाले की दार उघडे, ही सोय आयोजकांच्या कामाची आहे. तिने कोणत्याही एका मुलाबद्दल काही कळत नाही.

उत्तर ‘नाही’ असेल तर तेही नीट द्यावे. ‘तू अजून लहान आहेस’ यात मुलाला करण्यासारखे काहीच उरत नाही. वय त्याच्या हातात नसते. ‘एक रात्र आपण बाहेर काढू, तू सॅक भरायची, आणि मग पुन्हा ठरवू’ यात उरते. कधी कधी नकार मुलाकडूनच येतो. एका चौदा वर्षांच्या मुलीने सगळे पैसे भरून झाल्यावर सांगितले, की तिला या वर्षी यायचे नाही, कारण अंधारात तिला अजून फार भीती वाटते. तिच्या वडिलांना वाईट वाटले. मी त्यांना म्हटले, पुढच्या वर्षी ती मला तुकडीत हवीच आहे.

आमच्या अर्जात आता एक प्रश्न आहे आणि तो मुलाने स्वतःच्या अक्षरात भरायचा आहे: ‘गेल्या वर्षभरात तू कोणाकडे, कशासाठी मदत मागितलीस?’ असा प्रश्न प्रत्येक शिबिराच्या अर्जात यावा आणि त्याचे उत्तर वाचून मुलाशी थेट बोलणे आयोजकांना बंधनकारक असावे, असे मला वाटते. एका मुलाने त्या जागी ‘कोणाकडे नाही’ एवढेच लिहिले होते. त्याला नाकारले नाही. निघण्याआधीचे दोन रविवार त्याला भरलेल्या सॅकेसह बरोबर घेऊन चाललो. पहिल्या रविवारी तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या रविवारी परतताना एका वळणावर तो थांबला, जमिनीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘दादा, उजवा पट्टा खांद्यात रुततोय.’ सॅक खाली ठेवली, कंबरेचा पट्टा घट्ट केला, खांद्याचा सैल केला, आणि त्याने ती पुन्हा पाठीवर घेतली.